बाटलीत न मावलेलं जाळं

पूर्व मादागास्करच्या पावसाळी जंगलात नदीच्या मधोमध, पाण्याच्या वर, एक चकती टांगलेली दिसते. जवळ फांदी नाही, वेल नाही, आधाराला काहीच नाही. नजर कडेला सरकवली की चकतीच्या माथ्यावरून गेलेला एक धागा उन्हात चमकून जातो. त्याचा माग काढला तर त्याचं एक टोक या काठावरच्या झुडपात सापडतं आणि दुसरं पलीकडच्या काठावर. चकतीच्या मध्यावर जेमतेम दोन सेंटिमीटरची काळपट मादी बसलेली असते.

या कोळ्याला शास्त्रीय नाव मिळालं २०१० साली: केरोस्ट्रिस डार्विनी. इंग्रजीत त्याला डार्विन्स बार्क स्पायडर म्हणतात. नवीन प्रजाती म्हटलं की पालापाचोळ्यात दडलेला, भिंगाशिवाय न दिसणारा जीव डोळ्यांसमोर येतो, आणि बहुतेक नव्या कोळ्यांच्या बाबतीत ते खरंही असतं. इथे सगळं उलटं. नदीवर अख्खं जाळं ताणून बसणारा कोळी, तोही अंदासिबे-मंताडिया आणि रानोमाफाना यांसारख्या राष्ट्रीय उद्यानांत, जिथे पर्यटकांचा आणि संशोधकांचा राबता असतो. काठावर राहणाऱ्या माणसांनी ही जाळी कधी पाहिलीच नसतील असं म्हणणं तर धाडसाचंच. मग याला एकविसाव्या शतकापर्यंत नाव का नव्हतं? या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस आहे तो याच प्रश्नात. रेशमाच्या विक्रमाच्या बातम्या नंतर झाल्या, त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवतो. स्पीशीजला मराठीत कोणी जाती म्हणतं, कोणी प्रजाती. विश्वकोशाच्या परंपरेत प्रजाती म्हणजे जीनस, तर वर्तमानपत्रांत प्रजाती म्हणजे स्पीशीज. मी इथे वर्तमानपत्रांच्या बाजूने उभा आहे. प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाला, जीनसच म्हणतो.

बरणीतला कोळी

केरोस्ट्रिस हा जीनस स्वीडनचे कोळीतज्ज्ञ थोरेल यांनी १८६८ मध्ये उभा केला. आफ्रिका, मादागास्कर आणि आशियाचा उष्ण भाग एवढा त्याचा पसारा. या कोळ्यांची खासियत म्हणजे वेष. दिवसा फांदीला पाय चिकटवून बसले की ते झाडाच्या गाठीसारखे, तुटलेल्या डहाळीच्या खुंटासारखे दिसतात. बार्क स्पायडर हे नाव त्यावरूनच पडलं. पोटावर उंचवटे असतात, कधी शिंगांसारखे, कधी चपट्या गोळ्यांसारखे, आणि ते एकाच प्रजातीतल्या दोन माद्यांत इतके वेगळे असू शकतात की नवख्याला त्या दोन निराळ्या प्रजाती वाटाव्यात. जुन्या अभ्यासकांना तशा त्या वाटल्याही, आणि नावांचा ढीग जमत गेला.

हा ढीग जर्मन कोळीतज्ज्ञ ग्रासहॉफ यांनी १९८४ मध्ये उपसला. संपूर्ण जीनस त्यांनी नव्याने तपासला, एकाच प्रजातीला पडलेली अनेक नावं एकत्र केली आणि यादी अकरा प्रजातींवर आणली. काम चोखच होतं. पण अशा साफसफाईनंतर एक वेगळाच धोका तयार होतो असं मला वाटतं. ‘या जीनसमध्ये रूप फार बदलतं’ हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की समोर आलेला खरोखर निराळा कोळीही ‘असेल त्याच प्रजातीचं एक रूप’ म्हणून जुन्या नावाच्या बरणीत जाऊ शकतो. आधी भीती होती एकाला दहा नावं देण्याची. आता दोघांना एकाच नावात कोंबण्याची.

बरणीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. कोळी कीटकांसारखा टाचणीला टोचून सुकवता येत नाही. त्याचं पोट मऊ असतं, सुकलं की सुरकुतून जातं. म्हणून तो अल्कोहोलमध्ये ठेवतात, साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या. डीएनए काढायचा असेल तर एखादा पाय तोडून आणखी तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. या द्रवात शरीर टिकतं, पण रंग फिके पडतात, पाय आखडतात, आणि कोळ्याबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट, म्हणजे त्याचं जाळं, बरणीत येतच नाही. नदीवर दोन मीटरची चकती टांगणारी मादी आणि झुडपात वीतभर जाळं विणणारी मादी बरणीत शेजारी शेजारी ठेवल्या तर दोघीही सारख्याच: राखाडी-तपकिरी, उंचवट्यांच्या, पाय दुमडलेल्या.

म्हणजे नदीवर उभ्या माणसाला जे दिसतं ते संग्रहालयात पोचत नाही, आणि संग्रहालयातल्या माणसाला जे हवं असतं ते नदीवर दिसत नाही. ही प्रजाती जंगलाच्या गर्भात वगैरे लपलेली नव्हती. ती या दोन माणसांच्या मधल्या फटीत होती.

मिलिमीटरभर जागेचा पुरावा

ही फट बुजवली ती दोन कोळीतज्ज्ञांनी. स्लोव्हेनियाच्या विज्ञान आणि कला अकादमीतले मत्याझ कुंटनर, आणि तेव्हा पोर्तो रिको विद्यापीठात असलेले इंगी अग्नार्सन. दोघंही नदीवर जाणारे आणि दोघंही सूक्ष्मदर्शकाखाली बसणारे. ही जोड वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

जाळं पाहून ‘हे काहीतरी वेगळं आहे’ असं वाटणं आणि वेगळी प्रजाती सिद्ध करणं यांत बरंच अंतर आहे. जाळं म्हणजे वागणूक. ती जागेप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे, भुकेप्रमाणे बदलू शकते. नदीकाठी वाढलेली जुन्याच प्रजातीची मादी नदीवर जाळं बांधायला शिकली नसेल कशावरून? या शंकेला जाळ्याचे कितीही फोटो उत्तर देऊ शकत नाहीत.

कोळ्यांमध्ये याचं उत्तर जननेंद्रियांत शोधतात. प्रौढ मादीच्या पोटाखाली, श्वसनाच्या खाचेजवळ, एक कडक झालेला भाग असतो, एपिगायनम. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड उपांगांची, पेडिपाल्पची, टोकं फुगीर आणि गुंतागुंतीची असतात. वीर्य त्यांत भरून तो ते मादीकडे पोचवतो. प्रत्येक प्रजातीत या दोन्हींचे काटे, आकडे, पडदे आणि नळ्या निराळ्या घडणीच्या असतात. रंग बदलतो, उंचवटे बदलतात, आकार खाण्यावर अवलंबून असतो. या भागाची घडण त्या मानाने फार कमी बदलते. म्हणूनच पिल्लावरून किंवा अर्धवट वाढलेल्या कोळ्यावरून नवी प्रजाती जाहीर करायला जाणकार नकार देतात. पिल्लाला हे अवयव तयारच नसतात.

हे काम करताना बघितलं नसेल तर त्याचा कंटाळवाणेपणा लक्षात यायचा नाही. मादीचा एपिगायनम बारीक सुईने सोडवायचा, त्याभोवतीचं मऊ मांस क्षार किंवा पाचक द्रव्यात विरघळवायचं, मग आतल्या वीर्यकोषांच्या नळ्या कुठून कुठे वळतात ते दोन्ही बाजूंनी पाहून चितारायचं. नराचा पाल्प, रिवाजाने डावा, समोरून आणि कडेने. कॅमेरे कितीही सुधारले तरी रेखाचित्र टिकून आहे, कारण फोटोत सगळंच सारख्या जोराने दिसतं आणि चित्रात फक्त महत्त्वाची कड दिसते. या प्रजातीत नर तर जेमतेम सहा मिलिमीटरचा, मादीच्या तुलनेत अगदीच किरकोळ. नर आणि मादी शेजारी ठेवले तर ते एकाच प्रजातीचे आहेत हे न सांगता कोणी ओळखणार नाही. दोघांची जोडी लावणं हेही वर्णनाच्या कामातलंच एक कोडं असतं.

कुंटनर आणि अग्नार्सन यांनी याच्या जोडीला मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतला, डीएनए घेतला. रूप इतकं फसवं असलेल्या जीनसमध्ये ही खबरदारी योग्यच होती. डीएनए मिळाला की बाकी सगळं गैरलागू, असा एक सूर हल्ली ऐकू येतो. मला तो पटत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि दोन प्रजातींत कधीकाळी संकर झाला असेल तर तो दिशाभूल करू शकतो. शिवाय किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती याचा सर्वमान्य आकडा नाही. इथे जननेंद्रियं एक सांगतात, डीएनए तेच सांगतो आणि जाळंही तेच सांगतं. तीन साक्षीदारांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच जबानी दिली, असा तो पुरावा आहे.

नाव देण्याची रीत

वर्णनाचा लेख ‘जर्नल ऑफ अ‍ॅरॅक्नॉलॉजी’मध्ये २०१० साली आला. अशा लेखाचा साचा ठरलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो रुक्ष वाटतो, पण त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या जुन्या भांडणातून आलेली आहे. होलोटाइप म्हणजे ज्याच्यावर नाव कायमचं टांगलं जातं असा एकच नमुना. उद्या कोणी म्हणालं की डार्विनी या नावाखाली दोन प्रजाती मिसळल्यात, तर नाव कुणाकडे राहील हे तो एक नमुना ठरवणार. २००० पासून नियम असा की नवी प्रजाती आहे हे लेखात स्पष्ट म्हटलं पाहिजे, होलोटाइप ठरवला पाहिजे आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही सांगितलं पाहिजे. त्यानंतर येतं निदान, म्हणजे जवळच्या प्रजातींपासून ही नेमकी कशाने वेगळी. वर्णन त्याहून लांब असतं: डोळ्यांची अंतरं, पायांच्या प्रत्येक पेराची लांबी, रंग, केस. नवशिके वर्णनावर घाम गाळतात आणि निदान दोन ओळींत उरकतात. खरं तर पुढचा अभ्यासक आधी उघडतो ते निदानच.

नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर्णन तयार झालं तो दिवस होता २४ नोव्हेंबर २००९, डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ला बरोबर १५० वर्षं पूर्ण झाली तो दिवस. म्हणून डार्विनी. लॅटिन षष्ठी, ‘डार्विनचा’. डार्विन स्वतः मादागास्करला कधी उतरला नाही. त्याचं जहाज १८३६ मध्ये मॉरिशसला थांबून पुढे केपकडे गेलं. व्यक्तींची नावं देण्याच्या प्रथेबद्दल माझं मत फारसं उत्साही नाही, ‘पाण्यावरचा’ किंवा ‘पूल बांधणारा’ अशा अर्थाचं नाव या कोळ्याला जास्त शोभलं असतं. पण या माणसाचा या कोळ्याशी एक संबंध खरोखरच निघतो. तो पुढे.

आणखी एक बारीक मुद्दा. त्याच २०१० मध्ये याच कोळ्याच्या रेशमावरचा लेख ‘प्लॉस वन’मध्ये आला, आणि जगभर गाजला तो तोच. प्लॉस वन निघतं फक्त इंटरनेटवर. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २०१२ च्या आधी केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध झालेलं नवं नाव वैध धरलं जात नसे. कागदावर छापलेलं काहीतरी लागायचं. त्यामुळे ज्या लेखाला लाखो वाचक मिळाले तो एकटा असता तर नाव अधांतरी राहिलं असतं. ज्याला शेकड्यांनी वाचक मिळाले असतील त्या लेखाने ते जमिनीवर आणलं. (कोळ्यांच्या नावांना नियमही जरा लाडाचे आहेत. बाकी सगळ्या प्राण्यांची नावं, जीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडनच्या लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून मोजतात, कोळ्यांची मात्र स्वीडनच्याच क्लर्कच्या १७५७ च्या कामापासून.)

पंचवीस मीटर कशाचे?

आता जाळं. वर्णनाच्या लेखात जाळ्यांची मापं आहेत, आणि बातम्यांत सगळ्यात जास्त मोडतोड झाली ती यांचीच. लहानात लहान चकतीचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर, मोठ्यात मोठ्या चकतीचं २८,००० चौरस सेंटिमीटर. दुसरा आकडा म्हणजे २.८ चौरस मीटर, गोल धरला तर सुमारे १.९ मीटर व्यास. गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांत याहून मोठी चकती तोवर नोंदलेली नव्हती. पहिला आकडा म्हणजे साधारण एक फुटाहून जरा मोठी चकती. म्हणजे या प्रजातीची सगळीच जाळी राक्षसी नसतात. हा आकडा बातम्यांतून जवळपास गायब झाला.

आणि पंचवीस मीटर? ती चकतीची रुंदी नव्हे. चकतीला दोन्ही काठांशी बांधणाऱ्या धाग्याची, पुलाच्या दोरीची, ती कमाल लांबी आहे. ‘पंचवीस मीटरचं जाळं’ अशी मथळ्यांची भाषा वाचली की नदीभर पसरलेली जाळी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात नदीभर पसरलेला असतो एकच धागा, आणि आश्चर्य करायचं तर त्याचंच करायला हवं. कोळी काही पोहत पलीकडे जात नाही.

हे कसं होतं ते २०११ मध्ये मत्याझ ग्रेगोरिच आणि सहकाऱ्यांनी तपासलं. कोळी एका काठावर उभा राहून हवेत रेशीम सोडतो. एखादा बारीक तंतू नव्हे, इतर कोळ्यांच्या मानाने पुष्कळच. वारा ते पाण्यावरून पलीकडे नेतो, ते कुठेतरी अडकतं, आणि दोरी तयार. डार्विनशी संबंध म्हणालो तो इथे. १८३२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साठ मैल दूर समुद्रात त्याच्या जहाजाच्या दोरांवर असंख्य लहान कोळी येऊन अडकले होते. ते हवेत धागे सोडून वाऱ्याबरोबर उडतात हे त्याने बारकाईने पाहून लिहून ठेवलं आहे. तिथे धाग्यावर कोळी उडून आला होता, इथे कोळी जागेवर राहतो आणि धागा पुढे पाठवतो.

त्याच अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मला धाग्याच्या लांबीपेक्षाही मोलाचं वाटतं. बहुतेक गोल जाळ्यांत पहिल्या पुलाचाच धागा मध्यभागी सैल करून खाली ओढतात, आणि जाळ्याचं केंद्र त्यातूनच जन्मतं. डार्विनी तसं करत नाही. पूल वर तसाच राहतो आणि चकती त्याच्या खाली, स्वतंत्र केंद्र घेऊन, नव्याने बांधली जाते. चकतीच्या वरच्या अर्ध्या भागातले आरे दुहेरी असतात. जागेची आधी चाचपणी करणं, म्हणजे इकडे तिकडे धागे लावून बघणं, जे बाकीचे कोळी भरपूर करतात, तेही हा जवळपास करत नाही. नदीच्या मधोमध चाचपायला असतंच काय म्हणा.

खाणं मात्र जाळ्याच्या थाटाला साजेसं नाही. एवढी मोठी चकती म्हणजे पक्षी, वटवाघळं धरत असणार हा तर्क अनेकांनी केला, पण तशी नोंद झाली नाही. अडकतात ते पाण्यातून वर येणारे कीटक: मेफ्लाय, चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुरांचे बारीक भाऊबंद. पाण्यातून मेफ्लाय एका वेळी झुंडीने निघतात आणि एका जाळ्यात एकाच वेळी किमान तीस कीटक सापडल्याची नोंद आहे. आयत्या बिळावरचे नागोबाही आहेत: कोळ्याने गुंडाळलेल्या भक्ष्यावर ताव मारायला येणाऱ्या माश्या. नदीवरची हवा म्हणजे कीटकांची वर्दळ असलेला रस्ता, आणि तो अडवणारा दुसरा गोल-जाळीवाला तिथे नाही. स्पर्धकच नसलेली जागा मिळाली, हा या राक्षसी जाळ्याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात पटणारा खुलासा.

आधी भाकीत, मग ताण

रेशमाच्या गोष्टीत लोकांना आवडला तो विक्रम. मला आवडला तो क्रम. अग्नार्सन, कुंटनर आणि अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठातले टॉड ब्लॅकलेज यांनी शेकडो कोळ्यांचं रेशीम सरसकट मोजत जाऊन विजेता शोधला नाही. नदीवरचं जाळं पाहून त्यांनी आधी अंदाज बांधला. दोन काठांच्या दरम्यान, वाऱ्यात, झाडांच्या डोलण्यात, इतक्या लांब धाग्यावर इतकी मोठी चकती टिकत असेल तर हे रेशीम सामान्य असणं शक्य नाही. मग कोळ्यांकडून रेशीम काढून ते यंत्रावर ताणलं. डार्विनने १८६२ मध्ये मादागास्करच्याच एका ऑर्किडची फूटभर लांब मधाची नळी पाहून तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे असं लिहिलं होतं, आणि १९०३ मध्ये तसा पतंग वर्णन केला गेला. त्याच बेटावर, जवळपास त्याच चालीचा हा तर्क. नावाबद्दलची माझी कुरकुर इथे थोडी मवाळ होते.

निकाल असा: सरासरी चिवटपणा ३५० मेगाज्यूल प्रति घनमीटर, आणि काही नमुने ५२० पर्यंत. आकडा बोटांत धरता यावा म्हणून असं बघा. एक घन सेंटिमीटर रेशीम तुटेपर्यंत ताणायचं तर सरासरी ३५० ज्यूल खर्च होतील, म्हणजे एक किलोचं वजन सुमारे पस्तीस मीटर उंच उचलण्याइतके. तोवर माहीत असलेल्या कुठल्याही रेशमाच्या दुपटीहून हे जास्त होतं.

‘केव्हलारपेक्षा दहापट मजबूत’ हे वाक्य इथूनच निघालं, आणि त्यातला ‘मजबूत’ हा शब्द चुकीचा आहे. (केव्हलार म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात तो कृत्रिम धागा.) ताकद म्हणजे तुटण्याआधी किती भार पेलतो. त्यात केव्हलार पुढेच: त्याची ताकद तीन गिगापास्कलच्या वर, या रेशमाची सुमारे १.६. चिवटपणा म्हणजे तुटण्याआधी किती ऊर्जा पोटात घेतो, आणि त्यात ताकदीबरोबर ताणही मोजला जातो. केव्हलार काही टक्के ताणला की तुटतो. हे रेशीम इतर गोल-जाळीवाल्या कोळ्यांच्या रेशमाच्या जवळपास दुप्पट ताणलं जातं आणि तरीही त्यांच्याइतकाच भार पेलतं. म्हणून ऊर्जेच्या हिशेबात ते कितीतरी पुढे निघून जातं. त्यातही केव्हलारसाठी नेहमी वापरला जाणारा पन्नासच्या आसपासचा आकडा धरला तर सरासरी रेशीम सातपट निघतं. दहाचा आकडा गाठायला उत्तम नमुनेच घ्यावे लागतात. उडत्या चतुराला थांबवायचं असेल तर हवा असतो चिवटपणा. कडक दोरावर तो आपटून परत उडाला असता.

नंतर

एकदा नाव मिळालं की कामं भराभर होतात, कारण आता ती कशावर टांगायची हे ठरलेलं असतं. २०१५ मध्ये ग्रेगोरिच, ब्लॅकलेज, अग्नार्सन आणि कुंटनर यांनी याच जीनसचा डीएनएवर आधारलेला वंशवृक्ष मांडला आणि आफ्रिका-मादागास्करमधल्या सहा नव्या प्रजातींना नावं दिली. त्यांत एक लिनियसच्या नावाची आणि एक वॉलेसच्या, म्हणजे डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीची कल्पना मांडणाऱ्याच्या. ग्रासहॉफ यांच्या अकराच्या यादीत डार्विनी धरून सात नावं वाढली. उंचवट्यांवरून घातलेला गोंधळ त्यांनी आवरला होता. त्या आवरलेल्या घरात अजून बरीच माणसं दडलेली होती. २०१६ मध्ये याच कोळ्याच्या मीलनाचे तपशील आले, आणि त्यांतला मादीच्या जननांगाला नराने तोंड लावण्याचा भाग पुन्हा मथळ्यांत गेला. बातम्या या कोळ्याचा पिच्छा सोडत नाहीत. तोवर कोळ्यांच्या एकूण नावांचा आकडाही फुगत होता. २०२२ मध्ये वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये पन्नास हजारावी प्रजाती नोंदली गेली.

रेशमाचा माग २०१९ मध्ये आणखी पुढे गेला. रेशीम-ग्रंथींत कोणती जनुकं चालू आहेत ते पाहिलं तेव्हा नेहमीच्या रेशीम-प्रथिनांबरोबर एक वेगळं प्रथिन मिळालं, ज्यात प्रोलीन या अमिनो आम्लाचा भरणा होता. ताणलं जाण्याचा गुण प्रोलीनशी जोडला जातो. आणि दुसरी गोष्ट अगदी साधी, शरीररचनेची. दोरीचं रेशीम बनवणाऱ्या ग्रंथीपासून बाहेर येणारी नळी या कोळ्यात इतर कोळ्यांच्या मानाने लांब आहे. द्रवरूप प्रथिनाचा धागा होतो तो याच नळीतून जाताना. नळी लांब, म्हणजे तंतू रचायला वाव जास्त.

ही नळी मादीच्या पोटात असते. अल्कोहोलमधल्या राखाडी-तपकिरी, पाय दुमडलेल्या मादीच्याही. बरणीत जाळं मावत नव्हतं हे खरं, पण त्याचा एवढा एक तुकडा तिथे होता. तो बघायला पोट उघडावं असं वाटण्यासाठी आधी कोणीतरी नदीवर उभं राहायला लागलं.